ठसठसणारी प्रत्येक गाठ गळू नसते : जंतुसंसर्गाने फुगणाऱ्या धमन्यांविषयी

जांघेत गाठ आली, ती लाल झाली, हात लावला की दुखू लागली आणि अंगात ताप भरला, की आपल्याकडे निदान घरातच होऊन जाते : बेंड आले आहे. मग पोटीस बांधले जाते, जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या येतात आणि तरीही गाठ बसली नाही, तर चीर देऊन पू काढून टाकू असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा हे सारे बरोबरच असते. पण फार थोड्या रुग्णांमध्ये त्या लाल कातडीखाली पुवाची पिशवी नसून मांडीची मुख्य धमनी असते. तिची भिंत जंतूंनी कुरतडलेली असते आणि आतला रक्ताचा दाब ती कसाबसा पेलत असते. अशा जागी सुरी लावली, तर पुवाऐवजी रक्ताचा फवारा उडतो आणि बाह्यरुग्ण विभागातल्या छोट्या टेबलावर तो थांबवणे निष्णात हातांनाही जड जाते. या आजाराला जंतुसंसर्गजन्य धमनीविस्फार म्हणतात. तो दुर्मीळ आहे, आणि नेमके म्हणूनच तो असू शकतो हे वेळेवर आठवत नाही.

धमनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीला तीन थर असतात : आत रक्ताला लागून असलेले गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा व लवचिक तंतूंचा जाड थर, आणि बाहेर चिवट वेष्टन. यातला मधला थर कमकुवत झाला, की प्रत्येक ठोक्यागणिक धमनी त्या जागी थोडी थोडी ताणली जाते. मूळ व्यासाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक फुगवटा आला, की त्याला विस्फार म्हणतात. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात तो ‘ॲन्युरिझम’ असतो. वय, तंबाखू आणि उच्च रक्तदाब यांमुळे होणारा नेहमीचा विस्फार वर्षानुवर्षे मिलिमीटर-मिलिमीटरने वाढतो आणि बहुधा धमनीच्या सगळ्या घेराला सारखा फुगवतो. संसर्गाने होणारा विस्फार वेगळा दिसतो आणि वेगळा वागतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला एकाच जागी फुगा यावा, तसा तो एका बाजूने, वेडावाकडा उमलतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळ्यांदेखत वाढतो. पुष्कळदा तर भिंत उरलेलीच नसते. तिला भोक पडलेले असते आणि बाहेर आलेले रक्त भोवतालच्या मांसाने व गोठलेल्या रक्ताच्या थराने तात्पुरते अडवून धरलेले असते. त्याला आभासी विस्फार म्हणतात. आभासी या शब्दावरून धोकाही आभासी असेल असे कोणाला वाटू नये. धोका इथेच जास्त असतो.

आजाराचे जुने आणि अजूनही रुळलेले इंग्रजी नाव ‘मायकॉटिक ॲन्युरिझम’ असे आहे, आणि ते सरळसरळ दिशाभूल करणारे आहे. डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये दिलेल्या गल्स्टोनियन व्याख्यानांत हृदयाच्या झडपांच्या घातक संसर्गाचे वर्णन करताना हा शब्द वापरला, कारण तिथली वाढ त्यांना ताज्या बुरशीसारखी दिसली. प्रत्यक्षात बुरशी हे या आजाराचे क्वचित आढळणारे कारण आहे. बहुसंख्य रुग्णांत दोषी असतात ते जिवाणू. तरीही नाव टिकले. रुग्णाच्या कागदांवर तो शब्द वाचून नातेवाईक मोबाइलवर अर्थ शोधतात आणि बुरशीवरचे औषध का सुरू केले नाही, असे डॉक्टरांना विचारतात. चूक त्यांची नाही, नावाची आहे.

महाधमनीपासून दूर, हातापायांकडे जाणाऱ्या धमन्यांना परिघीय धमन्या म्हणतात. त्यांतली सर्वाधिक बाधित होणारी धमनी म्हणजे जांघेतली, मांडीकडे उतरणारी फीमोरल धमनी. गुडघ्यामागची पॉप्लिटिअल, दंडातली ब्रेकियल, मनगटातली रेडियल आणि पोटरीतल्या लहान धमन्या यांचाही क्रम त्यामागे लागतो. निरोगी धमनीचे आतले अस्तर जंतूंना सहसा थारा देत नाही. रक्तातून वाहणारे जंतू त्याला चाटून पुढे जातात. तेव्हा धमनीला संसर्ग झाला, तर तो कोणत्या वाटेने झाला, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या वाटा मोजक्याच आहेत.

पहिली वाट हृदयातून निघते. संधिवाताच्या तापाने लहानपणी झडप खराब झालेली असते. असे रुग्ण आपल्या देशात अजूनही पुष्कळ आहेत. काहींना कृत्रिम झडप बसवलेली असते. अशा झडपेवर जंतूंनी घर केले, की त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. तिथे साठलेल्या मऊ, जंतूंनी भरलेल्या पुंजक्यांचे तुकडे सुटतात, रक्ताबरोबर वाहत जातात आणि जिथे धमनीला फाटा फुटतो किंवा ती अचानक अरुंद होते तिथे अडकतात. काही सूक्ष्म तुकडे धमनीच्या भिंतीला स्वतःचे रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्यांत शिरतात आणि भिंत आतून नव्हे, तर गाभ्यातून सडवतात. ही प्रक्रिया इतकी गुपचूप चालते, की झडपेचा उपचार व्यवस्थित सुरू असताना, ताप उतरलेला असताना, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुडघ्यामागे किंवा कोपरापाशी गाठ उगवते.

दुसरी वाट सुईची आहे. नशेसाठी शिरेत गर्द टोचणाऱ्या व्यक्तीच्या हाताच्या शिरा काही महिन्यांत किंवा वर्षांत निकामी होतात आणि मग ती जांघेकडे वळते. जांघेत शीर आणि धमनी अक्षरशः बोटभर अंतरावर शेजारी असतात. शीर आतल्या अंगाला, धमनी तिच्या बाहेरच्या बाजूला. सुई बोटभर चुकली, की वापरलेली सुई, न विरघळलेली भुकटी आणि त्वचेवरचे जंतू एकदमच धमनीच्या भिंतीत जातात. हा इतिहास रुग्ण लाजेने सांगत नाही, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात तिरस्कार असेल, तर मुळीच सांगत नाही. तो न कळल्यामुळे जांघेतल्या गाठीवर सुरी चालल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात पुन्हा पुन्हा आली आहेत. सुईची वाट रुग्णालयातही असते. अँजिओग्राफीसाठी जांघेतून घातलेली नळी, अतिदक्षता विभागात मनगटाच्या धमनीत रक्तदाब मोजण्यासाठी ठेवलेली सुई, डायलिसिससाठी वारंवार टोचली जाणारी जागा, यांपैकी कुठेही छोटा आभासी विस्फार होऊ शकतो आणि नंतर त्यात जंतू शिरू शकतात. हृदयाची अँजिओग्राफी आता बऱ्याच ठिकाणी मनगटातून केली जाते. तिचे इतर फायदे सर्वांना ठाऊक आहेत, पण जांघेतली ही गुंतागुंत टळते, हाही त्यांतला एक.

तिसरी वाट आधीच खडबडीत झालेल्या धमनीची. वयस्कर, मधुमेही, धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या धमनीत चरबीचे व चुन्याचे थर साचलेले असतात. तिथे अस्तर तुटलेले असते आणि रक्तातून जाणाऱ्या जंतूला बोट टेकायला जागा मिळते. दूषित अन्नातून येणारा साल्मोनेला या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. जुलाब आठ दिवसांत थांबतात, ताप मात्र रेंगाळतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या रक्तात साल्मोनेला सापडला, तर जाणकार डॉक्टर धमन्यांकडेही एक नजर टाकतात. चौथी वाट शेजारधर्माची : जवळच्या हाडातला, सांध्यातला किंवा क्षयाने पिकलेल्या लसिका-ग्रंथीतला संसर्ग थेट धमनीच्या बाहेरच्या वेष्टनापर्यंत पसरतो.

जंतूंपैकी पहिला मान स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. आपल्या कातडीवर आणि नाकपुड्यांत एरवी निमूटपणे राहणारा हा जिवाणू ऊती विरघळवणारी द्रव्ये सोडतो आणि धमनी झपाट्याने पोखरतो. साल्मोनेला, स्ट्रेप्टोकॉकस, एन्टेरोकॉकस, स्यूडोमोनास हे त्याच्यामागून येतात. जनावरांशी किंवा न तापवलेल्या दुधाशी संबंध असलेल्यांत ब्रुसेला आढळू शकतो. आपल्या पश्चिम किनारपट्टीच्या संदर्भात आणखी एक नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे : मेलिऑयडोसिस. त्याचा जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात अधिक आढळतो, मधुमेही माणसांवर जास्त चाल करतो आणि धमन्याही पकडू शकतो. प्रयोगशाळेत तो ओळखणाऱ्याची नजर तयार नसेल, तर साधा स्यूडोमोनास किंवा नमुन्यात बाहेरून मिसळलेला जंतू समजून बाजूला टाकला जातो. मधुमेह असलेला, चिखलात राबणारा, पावसाळ्यानंतर तापाने पडलेला शेतकरी समोर असेल, तर ही माहिती प्रयोगशाळेला चिठ्ठीवर लिहून कळवणे फार मोलाचे ठरते.

आता प्रत्यक्ष गाठीकडे वळू. मराठीत गळू ठसठसते आणि नाडी उडते. निदानाचा पहिला धागा या दोन क्रियापदांच्या फरकात आहे. ठसठस रुग्णाला आतून जाणवते, तपासणाऱ्याच्या बोटाला ती लागत नाही. उडणे मात्र बोटाला लागते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण धमनीच्या अगदी वर बसलेले साधे गळूदेखील खालच्या ठोक्यांबरोबर वर-खाली हलते. म्हणून गाठीच्या दोन्ही अंगांना एकेक बोट ठेवायचे आणि थांबायचे. गळू नुसते उचलले जात असेल, तर दोन्ही बोटे एकत्र वर येतात आणि एकत्र खाली जातात. गाठ स्वतःच फुगत असेल, तर प्रत्येक ठोक्याला बोटे एकमेकांपासून दूर ढकलली जातात. मग तळहात सपाट ठेवून थरथर लागते का ते पाहायचे, स्टेथोस्कोप टेकवून घुसळल्यासारखा आवाज येतो का ते ऐकायचे, आणि त्या पायाच्या घोट्यापाशी व पावलावर नाडी लागते का ते दुसऱ्या पायाशी ताडून बघायचे. या सगळ्याला दोन मिनिटे पुरतात. इतके करूनही खात्री पटतेच असे नाही, कारण आत रक्त गोठलेले असेल किंवा भोवती सूज फार असेल, तर मोठा विस्फारही मुका राहतो. त्यामुळे मुख्य धमनीच्या वाटेवरच्या कोणत्याही गाठीला सुई किंवा सुरी लावण्यापूर्वी सोनोग्राफी करणे, हा नियम मी तरी अपवादाविना मानीन.

ताप, वेदना आणि उडणारी गाठ हे तिघे एकत्र आले, तर संशय पक्का होतो, पण ते नेहमी एकत्र येत नाहीत. पावलावर किंवा बोटांच्या टोकांवर लालसर-जांभळे, दुखरे ठिपके उमटलेले असतील, तर विस्फारातून जंतुमिश्रित कण खाली सुटत आहेत, असे समजावे. शेजारची नस दाबली गेली, की मुंग्या येतात किंवा पाय लुळा वाटतो. गाठीवरच्या कातडीतून थोडेसे रक्त झिरपून आपोआप थांबणे, हे मोठ्या रक्तस्रावापूर्वीचे इशाऱ्याचे चिन्ह असते, आणि ‘थांबले ना, मग उद्या बघू’ असे म्हणून ते सोडून देणे जिवावर बेतू शकते. गुडघ्यामागचा विस्फार तर आणखी फसवतो. तो शेजारची शीर दाबतो, पोटरी सुजते, लाल होते, आणि शिरेत गुठळी झाल्याचे निदान होऊन रक्त पातळ करणारी औषधे सुरू होतात. फुटण्याच्या बेतात असलेल्या धमनीला याहून अपायकारक औषध सापडणे कठीण. शिरांची डॉपलर तपासणी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करणाऱ्याने प्रोब दोन सेंटिमीटर सरकवून शेजारची धमनीही पाहिली, तर ही चूक जागीच सापडते.

प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत पांढऱ्या पेशी आणि शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी व ईएसआर वाढलेले असतात, पण ते कोणत्याही संसर्गात वाढतात. त्यांचा उपयोग निदानापेक्षा उपचाराला प्रतिसाद मिळतो आहे की नाही हे पाहण्यासाठी अधिक. खरा आधार म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची चाचणी. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी, वेगवेगळ्या जागांतून, दोन ते तीन संच रक्त घ्यावे लागते, आणि प्रौढ माणसाच्या प्रत्येक बाटलीत साधारण आठ ते दहा मिलिलिटर रक्त भरावे लागते. आपल्याकडे गाडे इथेच अडते. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तोवर त्याच्या पोटात तीन निरनिराळी प्रतिजैविके गेलेली असतात. जंतू मेलेले नसतात, फक्त प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढण्याइतके धडधाकट राहिलेले नसतात. कल्चर निर्जंतुक आले म्हणजे संसर्ग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही; ते नकारात्मक येणे या आजारात मुळीच नवलाचे नाही.

चित्र घेण्याच्या तपासण्यांत सुरुवात कलर डॉपलरने होते, कारण ती खाटेपाशी होते, तिला किरणोत्सर्ग नाही आणि खर्चही कमी. विस्फाराच्या पोकळीत रक्त एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने परत फिरते, म्हणून पडद्यावर अर्धे लाल, अर्धे निळे असे वर्तुळ दिसते. आभासी विस्फाराला धमनीशी जोडणाऱ्या अरुंद मानेत प्रत्येक ठोक्याला आत-बाहेर, आत-बाहेर असा प्रवाह उमटतो. त्यानंतर सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन काही सेकंदांत धमन्यांचा संपूर्ण नकाशा काढला जातो. एका बाजूला आलेला, कंगोरे असलेला फुगवटा, भोवतीच्या चरबीत पसरलेली धुरकट रेघारेघ, साठलेले द्रव, क्वचित वायूचे बुडबुडे, आणि दोन चित्रांमधल्या थोड्याच दिवसांत वाढलेला आकार, या खुणा संसर्गाकडे बोट दाखवतात. शस्त्रक्रियेची आखणीही याच नकाशावर होते : धमनीला कुठे पकडायचे, फाटे कुठे आहेत, खालच्या धमन्या उघड्या आहेत का. रंगद्रव्य मूत्रपिंडांना जड जाऊ शकते, म्हणून आधी त्यांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहिले जाते. संशय असूनही चित्र धूसर राहिले, तर पेट स्कॅन मदतीला येतो. किरणोत्सारी शर्करा जिथे दाह असेल तिथे जमते आणि चमकते, मात्र नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेची जागाही तशीच चमकते, हे ध्यानात ठेवावे लागते. आणि इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तर जवळजवळ प्रत्येक रुग्णाची व्हावी, गरज पडल्यास अन्ननलिकेतून प्रोब उतरवून, कारण पायातली गाठ ही कित्येकदा हृदयाने पाठवलेली चिठ्ठी असते. झडपेवर संसर्ग सापडला, तर इतर अवयवांत, विशेषतः मेंदूत, असेच विस्फार आहेत का, याचाही विचार करावा लागतो.

उपचाराकडे येताना एक पेच आधी समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच फुटतात. संसर्गाचा नियम असा, की सडलेले सगळे कापून काढा आणि जखमेत परकी वस्तू ठेवू नका. रक्ताभिसरणाचा नियम असा, की धमनी तुटली तर ती जोडा, नाहीतर खालचा पाय मरेल. गळवात पहिला नियम पुरतो. साध्या विस्फारात दुसरा. इथे दोन्ही एकाच वेळी, एकाच चार सेंटिमीटरच्या जागेत पाळायचे असतात, आणि ते एकमेकांच्या आड येतात.

प्रतिजैविके लगेच सुरू होतात, पण कल्चरचे रक्त घेतल्यानंतर. जंतू माहीत नसताना व्यापक आवाका धरावा लागतो : स्टॅफिलोकॉकसच्या चिवट जातीसाठी व्हँकोमायसिन, आणि जोडीला साल्मोनेलासारख्या जंतूंसाठी सेफ्ट्रिॲक्सोन किंवा परिस्थितीनुसार त्याहून रुंद पल्ल्याचे औषध. अहवाल आला, की औषध नेमके केले जाते. स्टॅफिलोकॉकस साधा निघाला, तर सेफॅझोलिनसारखे औषध व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरते, हे पुष्कळांना उलटे वाटते. क्षयाचा जंतू असेल, तर क्षयाची चार औषधे लागतात. मेलिऑयडोसिसमध्ये शिरेवाटे दिलेल्या औषधांनंतर कित्येक महिने गोळ्या चालतात. सर्वसाधारण मुदत सहा आठवड्यांच्या आसपास, आणि तीही बहुतांशी शिरेवाटे. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि रुग्ण पाचव्या दिवशी घरी जायचे म्हणतो. त्याला हे सहा आठवडे समजावून सांगणे हे उपचारातलेच काम आहे. पण नुसत्या औषधांवर भिस्त ठेवता येत नाही. लहान, लक्षणे नसलेला विस्फार वारंवार चित्रे घेत औषधांवर सांभाळला जातो, हे खरे. मात्र दुखणारा, वाढणारा किंवा गळणारा विस्फार औषधाने बरा होत नाही, कारण जंतू मेले तरी खाल्लेली भिंत परत उगवत नाही.

शस्त्रक्रियेचा पहिला नियम असा, की गाठीला हात लावण्यापूर्वी तिच्या वरच्या अंगाला, निरोगी भागात, धमनी ताब्यात घ्यायची. जांघेतल्या विस्फारासाठी कधी कधी पोटाच्या खालच्या भागात वेगळी चीर देऊन, आतड्यांना न छेडता, वरची इलियाक धमनी गाठतात आणि तिच्याभोवती रबरी फीत घालून ठेवतात. त्यानंतरच गाठ उघडायची. आत काळपट गुठळ्या, राखाडी, ओल्या कागदासारखी चिरडणारी भिंत आणि कधी गढूळ द्रव सापडतो. टाका धरील इतकी घट्ट, गुलाबी भिंत लागेपर्यंत कापत जावे लागते. सडक्या भिंतीत घातलेला टाका आठ दिवसांनी मध्यरात्री तुटतो. इथे एक छोटी गोष्ट, जी कागदावर क्षुल्लक वाटते : कापून काढलेला तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या रसायनात टाकायचा नाही. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर कायमचे हुकते. एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे आणि उरलेला फॉर्मॅलिनमध्ये, अशा दोन डब्या आधीच लेबले लावून तयार हव्यात. रक्ताची कल्चर निर्जंतुक आली असतानाही या तुकड्यातून जंतू सापडतो; तोही वाढला नाही, तर जिवाणूच्या जनुकीय खुणा शोधणारी पीसीआर चाचणी नाव सांगू शकते.

मग प्रश्न उरतो तो धमनीचे काय करायचे हा. सर्वांत साधा उत्तर-पर्याय म्हणजे वरचे व खालचे टोक बांधून टाकणे. ऐकायला हे भयंकर वाटते, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. डिसेंबर १७८५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यविशारद जॉन हंटर यांनी एका ४५ वर्षांच्या गाडीवानाच्या गुडघ्यामागचा विस्फार तसाच ठेवून मांडीतली मुख्य धमनी बांधली. पाय मेला नाही. मुख्य रस्ता बंद झाल्यावर गल्लीबोळांतल्या बारीक धमन्या रुंद झाल्या आणि त्यांनी पाय जगवला. गाडीवान पुन्हा कामाला लागला. मांडीतल्या त्या बोगद्याला शरीररचनेची पुस्तके आजही हंटरचेच नाव देतात. या आडवाटा किती उघडतील, हे मात्र कोणती धमनी बांधली यावर अवलंबून असते. दंडातली धमनी तिचा खोल फाटा सुटल्यानंतर बांधली, किंवा मनगटातली दुसरी, अल्नर धमनी शाबूत असताना रेडियल बांधली, तर हात बहुधा तगतो. जांघेत मुख्य धमनीला दोन मोठे फाटे फुटतात, त्या नाक्यावरच संसर्ग असेल आणि तिन्ही टोके बांधावी लागली, तर पायाला धोका बराच वाढतो. म्हणून टोके बांधल्यावर टेबलावरच घोट्यापाशी डॉपलरची पेन्सिल धरून आवाज येतो का, ते ऐकतात. आवाज असेल, तर थांबता येते. पुढे चालताना पोटरी भरून येईल, पण पाय राहील. नशेच्या सुया चालूच राहण्याची शक्यता असलेल्या रुग्णात अनेक शल्यविशारद हाच मार्ग धरतात, कारण नवी जोडलेली नळी पुन्हा टोचली जाते.

पाय थंड, पांढरा पडत असेल, तर रक्ताला नवी वाट करून द्यावीच लागते. कृत्रिम नळी सहज उपलब्ध असते, पण जंतू तिच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध पोहोचत नाही. म्हणून पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या शिरेला, बहुधा दुसऱ्या पायातल्या, घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या लांब सॅफेनस शिरेला. शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे ती उलटी करून जोडतात. सुलटी जोडली, तर झडपा रक्त अडवतील. संसर्ग फार असेल, तर नवी नळी त्या जागेतून नेतच नाहीत. कटीच्या हाडात ऑब्ट्युरेटर नावाचे नैसर्गिक छिद्र आहे. त्यातून वरच्या धमनीपासून मांडीच्या खालच्या भागापर्यंत नळी उतरवली, की जांघेतली पिकलेली जागा पूर्ण टाळली जाते. उघडी राहिलेली जागा झाकण्यासाठी शेजारचा सार्टोरियस स्नायू वळवून धमनीवर अंथरतात. या स्नायूचे नाव शिंपी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे, कारण मांडी घालून बसताना तो कामाला येतो. रक्ताने भरलेला जिवंत स्नायू मृत पोकळी भरतो आणि प्रतिजैविक जखमेपर्यंत वाहूनही आणतो.

धमनीच्या आतून बसवायची झाकलेली स्टेंट, म्हणजे अस्तर लावलेली जाळीदार नळी, हा दिसायला सर्वांत सुटसुटीत उपाय : मोठी चीर नाही, पूर्ण भूल नाही, थोड्या वेळात गळती बंद. धमनी फुटलेली आहे, रुग्ण मोठी शस्त्रक्रिया सोसू शकत नाही किंवा जागा सुरीच्या आवाक्यात नाही, अशा वेळी ती जीव वाचवते आणि तिला नाकारणे हट्टीपणाचे ठरेल. पण आपण पुवात एक परकी वस्तू ठेवली आहे, हे विसरून चालत नाही. त्यामुळे ती बहुधा पूल म्हणून वापरली जाते. रुग्ण सावरल्यावर पक्की शस्त्रक्रिया करायची, आणि ती शक्यच नसेल तर प्रतिजैविके कित्येक महिने, प्रसंगी जन्मभर चालू ठेवायची. पोटरीतल्या एखाद्या लहान फाट्यावरचा विस्फार, जिथे बाकीचे फाटे शाबूत आहेत, तिथे बारीक धातूची वेटोळी घालून तो फाटा आतून बंद करणेही शक्य असते. मात्र अँजिओग्राफीनंतरच्या साध्या, निर्जंतुक आभासी विस्फारात जे रक्त गोठवणारे थ्रॉम्बिनचे इंजेक्शन देतात, ते संसर्ग असताना देऊ नये. गोठलेले रक्त हे जंतूंना आयते वाढलेले ताट आहे.

हृदयाची झडपही बदलायची आहे आणि पायातला विस्फारही फुगतो आहे, अशी वेळ आली की क्रम ठरवणे अवघड होते. झडप गळून हृदय थकत असेल, तर हृदय आधी. पायातली गाठ फुटण्याच्या बेतात असेल, तर पाय आधी. पण हृदय-फुप्फुस यंत्रावर घेताना रक्त पूर्णपणे पातळ करावे लागते, आणि मेंदूत न सापडलेला विस्फार असेल तर तिथे रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे मेंदूचे चित्र आधी पाहिलेले बरे. हे निर्णय हृदय, रक्तवाहिन्या, संसर्गरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र अशा चार विभागांच्या डॉक्टरांनी एका टेबलाभोवती बसून घ्यायचे असतात. जिथे हे चौघे नसतील, तिथून रुग्णाला हलवताना गाठीवर घट्ट पण पाय काळा पडणार नाही असा दाब-पट्टा, रक्तगटाची चिठ्ठी आणि कल्चरसाठी भरलेल्या बाटल्या सोबत द्याव्यात.

घरी गेल्यानंतर पहिले वर्ष जागरूक राहावे लागते. जोडलेल्या शिरेची डॉपलर तपासणी ठरावीक अंतराने होते. ज्या जागी नवी धमनी निरोगी धमनीला जोडली आहे, तो सांधाच पुन्हा फुगू शकतो. व्हँकोमायसिनसारखी औषधे चालू असेपर्यंत रक्तातली मात्रा आणि क्रिएटिनिन पाहिले जातात. ज्यांना एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेला आहे, त्यांनी दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे सांगायचे असते, म्हणजे तासभर आधी घ्यायचा अमॉक्सिसिलिनचा एक डोस लिहून दिला जातो. आणि औषधांचा कोर्स संपल्यावर पुन्हा ताप आला, तर घरात उरलेल्या पट्टीतली गोळी घ्यायची नाही. आधी रुग्णालयात जाऊन कल्चरचे रक्त द्यायचे, आणि तपासणाऱ्याला दुसऱ्या पायाची, दोन्ही हातांची व गुडघ्यांमागची नाडीही बोटांनी पाहायला सांगायचे.